रावसाहेबांच्या मोटारीची डावी बाजू

माणसाची खरी पारख सरळ रस्त्यावर होत नाही, वळणावर होते. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते सोलापुरातल्या एका शाळेच्या बक्षीस समारंभात, आणि ऐकून बराच गंभीर झालो होतो. बोलणारे रावसाहेब होते. भाषण संपलं, हार झाले, रावसाहेब मोटारीत बसले, मोटार शाळेच्या फाटकातून डावीकडे वळली आणि रावसाहेब शेजारी बसलेल्या हेडमास्तरांच्या अंगावर गेले. टाळ्या वाजवणारी मुलं थांबली. गाडी वळताना जरा जास्तच कलते, एवढंच मला त्या दिवशी कळलं. बाकीचं कळायला दोन महिने लागले, आणि ते कळून एका माणसाचं वाईटच झालं.

त्या वेळी मी एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात कारकून होतो. कारखाना म्हणजे स्टेशनच्या वाटेवर एक पत्र्याची शेड, पुढे एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली चाकं काढलेली एखादी गाडी. गावात मोटारी इतक्या थोड्या होत्या की नुसत्या हॉर्नवरून कोण चाललंय ते लोक सांगत. सुट्या भागांसाठी मुंबईला इंग्रजी पत्रं लिहायची आणि मोटारीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तकं मेस्त्रींना वाचून दाखवायची, हे माझं काम. मेस्त्रींना वाचता येत नसे आणि मला पाना धरता येत नसे, त्यामुळे आमचं चांगलं जमे. चष्म्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत. मी कुणाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही.

रावसाहेबांची पदवी सरकारने दिलेली होती आणि ते घरातसुद्धा तिच्याशिवाय वावरत नसत. धंदा गिरण्यांना माल पुरवण्याचा. विणताना सूत तुटू नये म्हणून गिरणीत त्याला खळ देतात. त्या खळीत चरबी घालावी लागते, आणि ती चरबी पिंपांतून येते. ती पिंपं रावसाहेबांकडून येत. हे कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण त्याच सुताची धोतरं सगळेच नेसत. गाडी उघडी, काळ्या कापडी टपाची. मागच्या बैठकीवर पाहुण्याला मानाने उजवीकडे बसवायचं आणि आपण डावीकडे बसायचं, असा रावसाहेबांचा नियम होता.

गाडी चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. साठीला टेकलेला माणूस, सांगोल्याकडच्या धनगर वस्तीतला, अंगाने काटकुळा. बावीस वर्षांमागे ते रावसाहेबांच्या वडिलांची बैलांची धमणी हाकायला आले. धमणी जाऊन टांगा आला, टांगा जाऊन मोटार आली, मामा तेच राहिले. बैलाला आणि घोड्याला हाक मारली की कळायची, मोटारीला कळत नाही, ही त्यांची एकच तक्रार होती. बंगल्यामागे, जुन्या तबेल्याला लागून त्यांना एक खोली दिलेली होती. तिथे ते आणि त्यांची बायको राहत. बायकोला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

वैशाखात पुण्याहून एक बडा गोरा अधिकारी आला. रावसाहेब या पदवीच्या वरची पायरी त्याच्या शिफारशीवर अवलंबून होती, म्हणून रावसाहेब स्वतः त्याला आणायला स्टेशनवर गेले. स्टेशनातून निघाल्यावर पहिलं वळण डावं. त्या वळणावर रावसाहेबांची पगडी आधी साहेबाच्या मांडीवर पोहोचली आणि मागून रावसाहेब पोहोचले. साहेब सभ्य होता. त्याने पगडी झटकून परत दिली. पुढे किल्ल्यापाशी आणखी एक डावं वळण लागलं, तिथे साहेबाने स्वतःच आधी दोन्ही हात पुढे धरले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चिठ्ठी आली. साहेब विजापूरला गेले असून आठ दिवसांनी परत येतील. तोवर दोष गाडीत आहे की ड्रायव्हरमध्ये आहे हे ठरवावं. गाडीत असेल तर दुरुस्त करावा. गाडीत नसेल तर मला दुसरा ड्रायव्हर बघणं भाग आहे. चिठ्ठी घेऊन मामाच आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आत काय आहे ते ठाऊक होतं.

"उजवीकडं वळलो की गाडी गाईवानी वळती," मामा म्हणाले. "डावीकडं वळलो की अंगात आल्यावानी करती. आता ह्यात माजं काय चुकतंय, ते सांगा मास्तर."

मेस्त्री गाडीखाली वाकून बघत होते. तिथूनच म्हणाले, "मामा, डावीकडं वळताना डुलकी तर लागत न्हाय ना तुमास्नी?"

"डुलकी लागंल तर दोनीकडं लागंल की. ती काय डावं उजवं बघून येती व्हय?"

मेस्त्री हसले. मामा हसले नाहीत. जरा वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाले, "नोकरीचं काय न्हाय मास्तर. हात हायेत तवर कुटं बी भाकरी मिळंल. पर नोकरी गेली की खोली जाती. म्हातारीला दिसत न्हाय. खोलीतलं समदं तिच्या हाताला ठाव हाय, चूल कुटं, घागर कुटं, उंबरा कवा येतो. नव्या जागी ह्या वयात तिला कोण शिकवणार?"

मी पुस्तक उघडलं.

पुस्तकात पहिली सूचना चाकांतली हवा तपासण्याची होती. हवा सारखी होती. दुसरी सूचना गाडी सपाट जमिनीवर उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजण्याची होती. आमच्या शेडची जमीन सपाट कुठेच नव्हती, म्हणून गाडी शेजारच्या कापसाच्या वखारीत नेली. तिथल्या फरशीपासून गाडीच्या काठापर्यंत सुतळी धरून मोजलं. उजवी बाजू डावीपेक्षा दीड बोट खाली होती.

आता उजवी बाजू का दबली, हा प्रश्न. सोलापुरात कुणाही शहाण्या माणसाला पहिल्यांदा रावसाहेबांचं वजन आठवलं असतं, आणि आम्हालाही आठवलं. पण ते उघड बोलण्याची सोय नव्हती आणि शिवाय ते बसत डावीकडे. या एका बाबतीत ते निर्दोष ठरले. मेस्त्रींना त्याचं थोडं वाईट वाटलं. उजवीकडे बसायचे ते मामा, आणि त्यांचं वजन गाडीला कळलंही नसेल.

मोटारीच्या चाकांवर एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात, खड्डा आला की त्या वाकतात आणि पुन्हा उठतात. उजव्या बाजूच्या कमानीची एखादी पट्टी मोडली असेल असं धरून मेस्त्रींनी ती कमान पूर्ण सोडवली. एकही पट्टी मोडलेली नव्हती. आत ताजं पिवळं ग्रीस होतं. मामांनी निगा इतकी ठेवली होती की मेस्त्रींना नाव ठेवायला जागा सापडेना. कमान परत बसवली. मग खिळे बघितले, आस बघितला, सांगाडा वाकलाय का तेही सुतळी ताणून बघितलं. यात तीन दिवस गेले. जी बाजू खाली जात होती तिचीच आम्ही चौकशी करत होतो. वर राहिलेल्या बाजूवर संशय घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. आमचं सगळं आयुष्य तशाच पद्धतीने चाललेलं होतं.

मामा रोज सकाळी येत, लिंबाखाली उकिडवे बसत आणि काही विचारत नसत. वैशाखाचं ऊन, लिंबाची सावली अर्धीमुर्धी, गिरणीच्या चिमणीचा धूर तसाच हवेत लोंबत राहिलेला. दुपारचा भोंगा झाला की ते उठून बायकोला पाणी भरून द्यायला जात आणि परत येऊन बसत. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे बघायचं टाळू लागलो.

या प्रकरणात माझा हातभार एवढाच की मी एका गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. तो टपाच्या आडव्या दांडीला मधोमध बांधला आणि मागे खडूने रेघा मारलेली एक फळी लावली. ज्वारीची सारख्या वजनाची दोन पोती आणून एक रावसाहेबांच्या जागी आणि एक साहेबाच्या जागी बसवलं. मग किल्ल्यामागच्या मैदानावर मामांनी गाडी आधी डावीकडून आणि मग उजवीकडून गोल फिरवली. मी पायरीवर उभा राहून रेघा वाचत होतो. गाडी डावीकडे वळताना ओळंबा चार रेघा सरके, उजवीकडे वळताना जेमतेम दीड.

"पोत्याला बी पगडी घाला मास्तर," मेस्त्री ओरडले. "त्याबिगर बराबर कळायचं न्हाय."

मला मात्र दुसरंच दिसलं. खड्ड्यावरून जाताना साहेबाच्या जागेचं पोतं उसळत होतं. रावसाहेबांच्या जागेचं पोतं नुसतं हादरत होतं, बैलगाडीत ठेवल्यासारखं. मी गाडी थांबवायला सांगितली. मेस्त्री उजव्या पायरीवर चढून जोरात उडी मारून उतरले. गाडी खाली गेली, वर आली, दोनदा हलली आणि थांबली. मग ते डाव्या पायरीवर चढले आणि तशीच उडी मारली. देवळाच्या ओट्यावरून मारल्यासारखी. गाडी जागची हलली नाही.

मेस्त्रींनी वाकून डाव्या चाकावरची कमान बघितली. मग म्हणाले, "मास्तर, उजवी बरी हाय वो. डावी मेलीय."

शेडमध्ये येऊन त्यांनी डावी कमान सोडवायला घेतली, पण पट्ट्या सुटेनात. प्रत्येक पट्टीच्या मध्ये आणि कडांवर एक तपकिरी, चकचकीत थर बसला होता, लाखेसारखा. छिन्नी ठोकून पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागल्या. ठोकताना सगळ्यात खालची पट्टी चिरली, ती मेस्त्रींनी कोपऱ्यात फेकली. मी थर नखाने खरवडून बघितला. तो माझ्या ओळखीचा होता. मी खानावळीत जेवत असे. तिथल्या फळीवर तेलाचा जो पत्र्याचा डबा होता, त्याला बाहेरून अगदी असाच थर होता, आणि तो काढायचा नाद खानावळवाल्या बाईंनी सोडून दिला होता. करडीचं तेल उघड्यावर राहिलं की वाळतं, चिकटतं आणि मग दगड होतं. हे सोलापुरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मोटारीच्या पुस्तकात ते दिलेलं नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी करडई बघितलेली नव्हती.

"मामा, या बाजूला ग्रीस नाही लावत?" मी विचारलं.

"ह्या अंगाला न्हाय. ह्या अंगाला करडीचं त्याल. तीन वर्सं झाली. दर सोमवारी, आंगुळ करून."

"कशासाठी?"

मामांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "मालकांचा हुकूम हाय की."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तीन वर्षांमागे एका देवस्थानच्या पंचांची बैठक होती. रावसाहेबांनाही पंच व्हायचं होतं. तिथे कुणीतरी म्हणालं, रावसाहेब, गाभाऱ्यात येताना पिंपं बाहेर ठेवून या. लोक हसले. रावसाहेबांनी तिथल्या तिथे उभं राहून जाहीर केलं की धंदा तो धंदा, पण उद्यापासून माझ्या गाडीलाही चरबीचा स्पर्श होणार नाही. मोटारीच्या ग्रीसमध्ये चरबी असते हे त्यांना बरोबर ठाऊक होतं, कारण चरबी कुठे कुठे जाते हे त्यांच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी हात जोडून सांगितलं की ग्रीसशिवाय गाडी चालायची नाही. तेव्हा रावसाहेबांनी विचार करून मधला मार्ग काढला. आपण बसतो त्या डाव्या बाजूला, निदान आपल्या बैठकीखाली, चरबी नको. उजवीकडे बहुधा साहेब लोक, डॉक्टर, इंजिनियर बसत. त्यांना चालण्यासारखं होतं. रावसाहेब पंच झाले. गाडी उजवीकडून ओवळी आणि डावीकडून सोवळी झाली.

कमान वाकते ती पट्ट्या एकमेकींवर सरकतात म्हणून. तीन वर्षांच्या सोमवारांनी डावीकडच्या सगळ्या पट्ट्यांची मिळून एकच पट्टी केली होती. ती ना दबत होती, ना उठत होती. गाडी डावीकडे वळली की भार उजवीकडे जायचा, उजवी बाजू बिचारी कमानीने वाकायला हवं तशी वाकायची, आणि डावी बाजू रावसाहेबांना उंचावर धरून ठेवायची. उंचावरून माणूस घसरतो.

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. मेस्त्रींनी पट्ट्या घासलेटने धुतल्या, खालची एक नवी घातली आणि इंजिनाचं खनिज तेल लावलं. त्यात चरबी नसते याची मी पुस्तकातून खात्री करून घेतली, म्हणजे रावसाहेबांचं व्रतही शाबूत राहिलं. मैदानावर पुन्हा पोती फिरवली. ओळंबा दोन्हीकडे अडीच रेघा. मामा उतरले, डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि गाडीच्या काठावर हात ठेवून म्हणाले, "लई दिस सोसलं हिनं."

माझं काम तेवढ्यावर संपायला हवं होतं. पण रावसाहेबांना अहवाल हवा होता, इंग्रजीत, म्हणजे तो साहेबाला दाखवता येईल. मी एका पानाचा अहवाल लिहिला. डाव्या कमानीस अयोग्य तेल लावण्यात आल्यामुळे दोष निर्माण झाला होता, तो दूर केला आहे. त्याखाली मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, हे तेल मालकांच्या आज्ञेवरून लावलं जात होतं असं. मेस्त्रींना वाचून दाखवलं. ते हात पुसत म्हणाले, "खरं ल्ह्या की मास्तर. पर समदंच कशाला? गिऱ्हाईक हाय." मी ते वाक्य काढून पान पुन्हा लिहिलं. रावसाहेबांना आज्ञा कुणाची ते माहीतच आहे, त्यांना लाजवायचं कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला मी तारतम्य म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत मला त्याचा अभिमानही वाटत होता.

अहवाल घेऊन मी आणि मामा बंगल्यावर गेलो. रावसाहेबांनी व्हरांड्यात खुर्चीवर बसून तो दोनदा वाचला.

"अयोग्य तेल," ते म्हणाले. "कुणी लावलं?"

व्हरांड्यात आम्ही तिघेच होतो. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीतल्या क्रोटनकडे पाहत होतो.

"म्याच लावलं, मालक," मामा म्हणाले.

ते खरंच होतं. पुढचं अर्धं खरं बोलायची वेळ आता माझी होती. बावीस वर्षं समोरच्या माणसाला मालक म्हटलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघणार नव्हतं. माझ्या तोंडून निघायला काही अडचण नव्हती. मॅट्रिकला सत्य या विषयावरच्या निबंधात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. मी क्रोटनची पानं मोजली. त्यांतली तीन वाळलेली होती.

रावसाहेब रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख होतं. त्यांना स्वतःची आज्ञा आठवत नव्हती की आठवत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. मोठ्या माणसांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात. "पहा मास्तर," ते मला म्हणाले, "माणसाची खरी पारख वळणावर होते." मग मामांना म्हणाले की तुमचं वय झालं, हात चुकतो, यात तुमचा दोष नाही. त्यांनी मामांना शाल, श्रीफळ आणि खोली सोडायला आठ दिवसांची मुदत दिली.

साहेब विजापूरहून ठरल्या दिवशी परत आला. नवा ड्रायव्हर टोपीवाला होता. स्टेशनच्या डाव्या वळणावर साहेबाने सवयीने हात पुढे धरले, पण रावसाहेब आपल्या जागी ताठ बसून होते. हे मला नव्या ड्रायव्हरनेच सांगितलं.

आठवड्याच्या शेवटी मामा कारखान्यात आले. मेस्त्री नव्हते.

"मास्तर, ती चिरलेली पट्टी हाय का? गावाकडं शेरडांना पाला तोडायला कोयता लागंल. पोलाद चांगलं हाय ते."

पट्टी कोपऱ्यात तशीच पडली होती, थरासकट. मी ती उचलून दिली आणि म्हणालो, "मामा, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"व्हय," मामा म्हणाले. पट्टी हातात तोलून पाहिली. "बोलला आसता तर तुमची बी नोकरी गेली आसती. दोगं जाऊन काय करणार?"

यात मला माफ केलं होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. बायको कशी आहे, एवढंच विचारलं.

"बांधाबांध करत न्हाय. रोज एकेक वस्तू उचलती, चाचपती आन् परत जाग्यावर ठिवती. मी म्हनलं, आगं, गाडी उद्याची हाय. तर म्हनती, ठाव हाय मला."

लोहाराचं दुकान तिथून चौथ्या आळीत होतं. वजन फार नव्हतं, तरी मी मामांबरोबर गेलो. लोहाराने पट्टी उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर काय चिकटलंय ते विचारलं आणि भाता ओढायला घेतला. पट्टी भट्टीत गेली. मामा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभे होते. पट्टी लाल व्हायच्या आत सगळ्या आळीत भजी तळल्याचा वास सुटला.